काका, पुतण्या आणि शेरीनाला

गाव वसायला काहीतरी बरं कारण असतं. कुठे नदीला चांगला उतार असतो, कुठे बाजार भरतो, कुठे एखादा साधू झाडाखाली बसतो आणि पुन्हा उठतच नाही. आमची सांगली वसली ती काका-पुतण्याच्या भांडणातून.

मिरजेची जहागीर पटवर्धनांची. पुतणे चिंतामणराव अज्ञान होते तोवर कारभार काका गंगाधररावांनी पाहिला. पुतणे सज्ञान झाले आणि कारभार मागू लागले. तोवर काकांना कारभाराची गोडी लागलेली. पुढे काय झालं हे महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको. १८०१ च्या सुमारास वाटणी झाली. मिरज काकांकडे राहिली. पुतण्याने गणपती उचलला आणि कृष्णाकाठच्या एका किरकोळ खेड्यात बिऱ्हाड मांडलं. त्या खेड्याला तेव्हा सहा गल्ल्या होत्या म्हणतात. आज गल्ल्या मोजायच्या तर आधी गुंठेवारी मोजावी लागेल, आणि त्या भानगडीत कुठलाही शहाणा अभियंता पडणार नाही.

काका-पुतण्याचं राजकारण बारामतीला जन्मलं असं समजणाऱ्या पुण्या-मुंबईच्या पत्रकारांनी एकदा इकडे येऊन जावं. आमचा दावा दोन शतकं जुना आहे आणि पुरावा म्हणून अख्खं शहर दाखवता येतं.

बरं, वाटणी करण्यात पटवर्धनांचा हात फारच सफाईदार. सांगली वेगळी निघाली तरी मिरजेचं समाधान झालं नाही. १८२० साली मिरजेचीही थोरली पाती आणि धाकटी पाती झाली. धाकट्या पातीची राजधानी बुधगाव, म्हणजे सांगलीहून सायकलवर जाऊन जेवायला परत येता येईल इतक्या अंतरावर. कुरुंदवाडला पुन्हा थोरले आणि धाकटे. जमखंडी निराळी. दक्षिणेतल्या या संस्थानांचा नकाशा रंगवताना साहेबाकडचे रंग संपले असणार.

चिंतामणरावांबद्दल मात्र कृतघ्न होऊन चालणार नाही. गणेशदुर्ग त्यांचा, गणपतीचं देऊळ त्यांचं, आणि १८४३ साली विष्णुदास भाव्यांकडून ‘सीता स्वयंवर’ करवून घेतलं तेही त्यांनीच. मराठी रंगभूमी आमच्या गावात जन्मली, म्हणून दर ५ नोव्हेंबरला आम्ही रंगभूमी दिन साजरा करतो. बाकीच्या दिवशी हौशी मंडळी तालमीला जागा शोधत हिंडतात.

सांगली-मिरजेची ही वाटणी आमच्या घरात जेवणाच्या पाटापर्यंत आली होती. वडील सांगलीच्या गावभागातले, आई मिरजेची. आमटीत मीठ जास्त पडलं तरी विषय दोन संस्थानांवर जायचा. आई म्हणायची, जंक्शन कुणाकडे आहे? वडील म्हणायचे, कलेक्टर कुणाकडे बसतो? आई वॉनलेसचं मिशन हॉस्पिटल काढायची. सबंध दक्षिण महाराष्ट्र आणि निम्मं कर्नाटक बरं व्हायला कुठे येतं, सांगा की. वडील हळदीचा बाजार काढायचे. मग आईचा हुकमाचा पत्ता यायचा, अब्दुल करीम खाँसाहेब. मिरासाहेबांच्या दर्ग्यात उरसाला आजही मोठे मोठे गवैये येऊन हजेरी लावतात, आणि सतारमेकरांच्या गल्लीत भोपळ्याला तार लागली की ती पुढे जगभर वाजते. यावर वडिलांकडे भावे होते, हरिपूरचे देवल होते, पण सुरांपुढे संवाद फिके पडायचे. वडील हात धुवायला उठायचे.

दोघांची एकी फक्त एकदाच व्हायची. पुण्याचा एखादा पाहुणा सहज म्हणायचा, “सांगली-मिरज म्हणजे एकच की हो.” मग दोघं मिळून त्याच्यावर तुटून पडायचे.

त्या पाहुण्याचं नेमकं हेच वाक्य सरकारने १९९८ च्या फेब्रुवारीत राजपत्रात छापलं. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महापालिका. काका-पुतण्याने रीतसर केलेली वाटणी मंत्रालयातल्या कुणीतरी एका सहीने रद्द केली, आणि दोन्ही बाजूंच्या एकाही वारसाला विचारलं नाही. कुपवाडला तर कुणीच विचारलं नाही. लग्नात मांडव घालायला बोलावलेला आणि पंगतीत पान न मांडलेला चुलतभाऊ असतो, तसं कुपवाड गेली सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं पाटीवर शेवटच्या जागी उभं आहे. तिथे एमआयडीसी आहे, कामगारांच्या चाळी आहेत, कर भरणारी माणसं आहेत. ड्रेनेजच्या गोष्टी मात्र निवडणुकीच्या हंगामात पिकतात.

एक महापालिका झाली म्हणजे एक शहर झालं असा सरकारचा समज. महासभेच्या गॅलरीत अर्धा तास बसलं तरी तो उतरावा. अंदाजपत्रक मांडलं की मिरजेचा सदस्य उभा राहून मिरजेवरचा अन्याय सांगतो. कुपवाडचा सावत्रपणा सांगतो. सांगलीचा सांगतो की पैसा आमचा आणि खर्च तुमचा. १८०१ साली बहुधा हेच बोलणं झालं असणार, फक्त तेव्हा मोडी लिपीत. जिल्हाधिकारी कार्यालयाची नवी इमारत बांधायची वेळ आली तेव्हा ती विजयनगरला, सांगली आणि मिरजेच्या बरोबर मधे उभी राहिली. तिथल्या जागेचं सरकारी कारण काही असो, आमच्या घरी ते कारण जेवतानाच कळलं होतं.

मिरजेला तिचा मान मात्र मिळाला. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरच्या घशाला कोरड पडली तेव्हा पाणी निघालं ते मिरज जंक्शनवरून. पहिल्या गाडीला दहा टँकर, प्रत्येकी पन्नास हजार लिटर. सगळ्या देशाने टीव्हीवर मिरजेचा फलाट पाहिला. आईने त्या दिवशी वडिलांना दोनदा चहा करून दिला, आणि दोन्ही वेळा जंक्शनबद्दल एक शब्दही काढला नाही. काढायची गरज नव्हती.

संस्थानं १९४८ साली विलीन झाली, दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. वाटणीची जात मात्र विलीन झाली नाही. तिने फक्त धोतर सोडून विजार घातली. आमच्या लहानपणी नव्या माणसाला आधी आडनाव विचारायचे, मग गाव, आणि मग आवाज खाली आणून, “दादांचे का बापूंचे?”

दादा म्हणजे वसंतदादा. शाळा जेमतेम, पण २४ जुलै १९४३ ला सांगलीचा तुरुंग फोडून तटावरून खंदकात उडी घेतलेला माणूस. मागून गोळीबार झाला, दादांना गोळी लागली, बरोबरच्या काहींचा जीव गेला. तो तुरुंग पुतण्याने बांधलेल्या गणेशदुर्गातच होता हे इतिहासाने साधलेलं सगळ्यात नेमकं नेपथ्य. पुढे दादा मुख्यमंत्री झाले आणि १९८३ मध्ये विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांची परवानगी देऊन त्यांनी महाराष्ट्राच्या घराघरात एक तरी इंजिनिअर बसवला. बापू म्हणजे वाळव्याचे राजारामबापू. दोघांचं पटलं नाही, आणि दोघांच्या न पटण्यावर जिल्ह्यातल्या दोन पिढ्यांचं पोट भरलं. साखर कारखाना तुमचा, तर आमचाही पाहिजे. तुमचा दूध संघ, आमचा दूध संघ. तुमची बँक, आमची बँक. खरं बोलायचं तर या कडव्या सहकारात सहकारी असं काही नव्हतं, पण त्या ईर्ष्येत पाणी शेतापर्यंत पोचलं हे कबूल करायला हवं. भांडणाने इतकं काम करून घेतलेलं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

बापू १९८४ ला गेले, दादा १९८९ ला. प्रश्न गेला नाही. सांगलीची खासदारकी १९८० पासून २०१४ पर्यंत दादांच्या घराण्याबाहेर पडली नाही. स्वतः दादा, शालिनीताई, प्रकाशबापू, मदनभाऊ, पुन्हा प्रकाशबापू, मग प्रतीक. मधल्या काळात घरातल्या घरातच उमेदवारीची ओढाताण चालायची. विरोधी पक्षाला आमच्याकडे बाहेरून यावं लागायचं नाही, तो त्याच वाड्याच्या मागच्या दाराने यायचा. २०१४ ला भाजपचे संजयकाका आले (काका आलेच!), आणि २०२४ ला जागावाटपात सांगली उद्धव ठाकऱ्यांच्या शिवसेनेकडे गेली. म्हणजे पुन्हा वाटणी. दादांचे नातू विशाल पाटील अपक्ष उभे राहिले, चिन्ह लिफाफा, आणि लाखावर मतांनी निवडून आले. वाटणीत वगळलेला वारस वेगळी चूल मांडून जिंकतो हे सांगलीकरांना नवीन नव्हतं. गावच तसं वसलंय.

महापालिकेतही हेच. २००८ ला बापूंचे चिरंजीव जयंतराव यांच्या पुढाकाराने महाआघाडी आली, म्हणजे बापूंकडचे. २०१३ ला मदनभाऊंची काँग्रेस, म्हणजे दादांकडचे. २०१८ ला ७८ पैकी ४१ जागा घेऊन भाजप आला आणि गावात बोललं जाऊ लागलं की आता हा जुना हिशेब संपला. हिशेब संपला नव्हता, हजेरीपटही तोच होता; निम्मी नावं दादांच्या आणि बापूंच्या वहीतून उतरवून घेतलेली. २०२१ च्या फेब्रुवारीत महापौरपदाची निवडणूक लागली, सत्ताधाऱ्यांची काही मतं पलीकडे गेली आणि बहुमत असलेल्या पक्षाचा उमेदवार पडला.

बाहेरगावचे लोक याला फोडाफोडी म्हणतात. आमच्याकडे याला धार्मिक अधिष्ठान आहे. सांगलीच्या गणपती देवळात चतुर्थीच्या आधीच, प्रतिपदेला, एक गणपती कुणाला न कळता येऊन बसतो. वाजत नाही, गाजत नाही, मिरवणूक नाही. त्याला चोर गणपती म्हणतात. आमच्या नगरसेवकांनी त्याची फक्त उपासना केली.

आता इतक्या वर्षांच्या वाटणीतून एक गोष्ट माझ्या लक्षात आलीय. जे वाटता येतं त्याला आमच्याकडे सतरा मालक असतात. कारखाना वाटता येतो, बाजार समिती वाटता येते, टेंडर तर जहागिरीपेक्षाही चांगलं वाटता येतं. जे वाटता येत नाही त्याला कुणी वाली नसतो. शेरीनाला वाटता येत नाही.

शेरीनाला ठाऊक नसेल तर तुम्ही सांगलीत कधी मत मागितलेलं नाही. गावाचं सांडपाणी घेऊन तो येतो आणि कृष्णेला मिळतो. त्याच कृष्णेतून उचललेलं पाणी आमच्या नळाला येतं. हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे, आणि आम्ही ते एखाद्या नातेवाइकाच्या व्यसनासारखं चारचौघांत काढत नाही. त्याच्यावर योजना झाल्या. सांडपाणी उचलून, शुद्ध करून धुळगावच्या शेतीला द्यायचं ठरलं. कागदावर ही योजना इतकी देखणी आहे की ती पाहून नाल्याला स्वतःबद्दल न्यूनगंड यावा. नेते बदलले, पक्ष बदलले, पंप बिघडले, पंप दुरुस्त झाले, पाहणी दौरे झाले. नदीत मासे मेले की फोटो येतो, प्रदूषण मंडळाची नोटीस निघते, आणि मग नोटिशीला उत्तर निघतं. माझ्या कळत्या वयापासून गावात एकही निवडणूक अशी झालेली नाही जिच्यात शेरीनाला उमेदवार नव्हता. आणि दर वेळी तो बिनविरोध निवडून आला.

विमानतळाचं तरी बरं आहे. कवलापूरला जुन्या धावपट्टीची जमीन पडून आहे आणि विमान येणार येणार म्हणून आम्ही आकाशाकडे बघतोय. न आलेल्या विमानाचा निदान वास येत नाही.

आणि मग पूर. पुराची तर वाटणी शक्यच नाही, तो आपण होऊन सगळ्यांच्या घरात समान शिरतो.

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की रामराम नंतर. आधी, “किती झालं?” कशाचं, कुठलं, असं कुणी विचारत नाही. आयर्विन पुलाजवळची पातळी. १९२९ साली बांधलेल्या या पुलाने आमच्या गावाला अंकगणित शिकवलं. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. त्याच्याही आधी, तिशी ओलांडली की सूर्यवंशी प्लॉट आणि इनामदार प्लॉटातली माणसं गॅस सिलिंडर उचलून ठेवायला लागतात. पुढे कर्नाळ रस्ता, दत्तनगर, मग मारुती चौक, टिळक चौक. पाणी हरभट रोडला लागलं की व्यापारी माल वर चढवतात. ज्या हरभटांपासून सगळे पटवर्धन झाले त्यांच्या नावाच्या रस्त्यापर्यंत नदी बरोबर येते, जणू तिलाही वाटणीत काही हवं आहे.

“अण्णा, कोयनेतनं किती सोडलंय?”

“पन्नास हजार. वारणेचं वेगळं.”

“आणि अलमट्टी?”

“त्यांचं काय सांगू नका लका, त्यांनी धरूनच ठेवलंय.”

आमच्याकडे चहाच्या गाड्यावरच्या पोरालाही क्यूसेक आणि टीएमसी कळतो. कोयना एकशे पाच टीएमसीची आहे हे त्याला पाढ्यांच्या आधी पाठ असतं. २००५ ला पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं, तेव्हा म्हातारी माणसं म्हणाली, असला पूर पुन्हा होणे नाही. हरिपूरला हळद ठेवायची जमिनीखालची पेवं होती, माणूस आत उतरेल एवढी, पिढ्यान्‌पिढ्या कोरडी राहिलेली. त्या पुराने त्यातली बहुतेक निकामी केली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनने ५७ ओलांडले. जिथे कधी पाणी आलं नव्हतं तिथल्या दुसऱ्या मजल्यांवरून बायकामुलं बोटीत उतरली. २०२१ ला पुन्हा ५४ च्या वर. म्हातारी माणसं आता काही बोलत नाहीत.

पुरानंतर जबाबदारीची वाटणी सुरू होते, आणि इथे आमचं गाव खरं रंगात येतं. सगळ्यात सोयीचं धरण अलमट्टी. ते कर्नाटकात आहे, त्याला मत नाही, त्याचा नगरसेवक नाही, ते उलट उत्तर देत नाही. २०१९ च्या पुराचा अभ्यास करायला वडनेरे समिती नेमली. तिने पावसाचे आकडे मांडले, नदीपात्रातल्या अतिक्रमणांकडे बोट दाखवलं, आणि त्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडायला नकार दिला. असला अहवाल कुणाला आवडणार? त्यात आपला माणूस दोषी निघतो. अलमट्टीची उंची ५१९ वरून ५२४ मीटरवर न्यायला विरोध जरूर करावा, मीही करतो. पण निळ्या रेषेच्या आत कुणी बांधलं, कुणी पायाभरणीचा नारळ फोडला, गुंठ्यागुंठ्याने ओढ्यावर भराव कुणी टाकला, हे विचारलं की सभागृहात एकदम वीज जाते.

निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराची हद्द; लाल रेषा शंभर वर्षांतल्या पुराची. कागदावर निळीच्या आत बांधकामाला परवानगी नाही. पण रेषा सरकारने काढलीय आणि जागा सात-बाऱ्यावर आहे, तेव्हा सांगलीचा माणूस कशावर विश्वास ठेवेल? सात-बारा हा वाटणीचा कागद. रेषेवर कुणाचं नाव नसतं.

२०२३ च्या ऑगस्टला नगरसेवकांची मुदत संपली आणि प्रशासक आले. सव्वादोन वर्षांहून जास्त काळ गावाला एकही नगरसेवक नव्हता. गटारी पूर्वीइतक्याच तुंबल्या, दिवे पूर्वीइतकेच गेले. नगरसेवक म्हणून मिरवलेल्या मंडळींना या तुलनेने जितकं दुःख झालं असेल तितकं पराभवानेही झालं नसेल.

मग २०२६ च्या जानेवारीत निवडणूक लागली आणि माणसं पुन्हा दारात दिसू लागली. एका प्रभागाला चार नगरसेवक, अ, ब, क आणि ड. वॉर्डाचीही वाटणी, आणि तीही चौघांत. आमच्याकडे एक तरुण उमेदवार आला. पांढरे बूट, मागे दहा-बारा पोरं, हातात पत्रक, पत्रकावर तिसऱ्या ओळीत शेरीनाला. आई आता थकलीय, पण मिरजेचा हट्ट सुटलेला नाही. तिने बसल्या जागेवरून विचारलं, “बाळा, आमच्या ह्यांच्या सांगलीचा तो नाला तू बंद करणार का रं?”

तो वाकून तिच्या पाया पडला. मग शेजारच्या पोराकडे बघून म्हणाला, “काकू, मी ‘ब’ मधनं हाय. नाल्याचं ‘क’ वाला बघतोय.”

“आणि ‘क’ वाला कुठल्या पक्षाचा?”

“त्यो पलीकडं गेलाय काकू. पर आपलाच हाय, माझा चुलता.”